भाकर आधी, बोध मागून

एलीया संदेष्ट्याची कथा (१ राजे, अध्याय १९) आपण अनेकदा ऐकली आहे. भयाने रानात पळालेला तो देवाचा सेवक झुडपाखाली पडून मरण मागू लागला. देवाने त्यास दोष दिला नाही. दूताने त्यास स्पर्श केला, भाजलेली भाकर व पाणी दिले, पुन्हा निजू दिले. नवे काम त्यास पुष्कळ दिवसांनी सांगितले. पुढे होरेबावर भूकंप झाला. परमेश्वर त्या भूकंपात नव्हता, मागून आलेल्या मंद वाणीतून तो बोलला.

भूकंप म्हणजे काय, हे धाराशिव जिल्ह्यास सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, सास्तूर व आसपासची गावे आणि लातूरकडील किल्लारी ही दगडमातीखाली गाडली गेली. हजारो माणसे मेली. त्या वेळी भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुले पुण्याकडे नेऊन त्यांच्या निवासाची व शिक्षणाची सोय केली. वाघोलीचे केंद्र त्यातूनच उभे राहिले. त्या मुलांस पुस्तकाबरोबर आसराही हवा होता.

असा भूकंप घराघरांतही होतो. कोणाचा बाप कर्जापायी जीव देतो, कोणाचे आईबाप ऊसतोडीस जातात. मग मूल रात्री दचकून उठते, अंथरूण ओले करते, वर्गात मारामारी करते किंवा अगदी मुके होते. भय मनात जागे असता धड्यावर चित्त कसे बसावे? आणि आपण मात्र म्हणतो, ते द्वाड आहे, अथवा त्यास बाहेरची बाधा झाली आहे!

उपदेशक बंधूंनो, अशा मुलास छडी दाखवू नका, मांत्रिकाकडे नेऊ देऊ नका, शाळेतून काढू देऊ नका. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मारणे व मानसिक छळ करणे या दोहोंस मनाई केली आहे. त्यास गुरुजींजवळ बसवावे, थोडेसेच काम द्यावे, ते झाल्यावर शाबासकी द्यावी, रोजचा क्रम मोडू नये. दुःख हटत नसेल तर सरकारी दवाखान्यात न्यावे. २०२२ पासून ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्लाही मिळतो. औषध घेणे हा अविश्वास नव्हे. दूताने आणलेली भाकरही देवाचीच होती.

येत्या रविवारी मंडळीत कोणते लेकरू मागे एकटे बसले आहे, ते आपण पाहू या. त्यास प्रश्न विचारण्यापूर्वी आपल्याजवळ बसवून घेऊ या. प्रभू आपणांस त्याची मंद वाणी देवो.