हातांची कमाई आणि दूरचा समुद्र

जमिनीवर आणि समुद्रात माजलेला बिघाड ही माणसांच्या हातांची कमाई आहे, असा सूरह रूमच्या ४१व्या आयतीचा आशय आहे. सोलापुरात ही आयत वाचताना सहज मनात येते, जमिनीचे ठीक. पण समुद्राशी आपला काय संबंध? आपल्यापैकी अनेकांनी तो मुंबईला गेल्यावरच पाहिलेला असतो.

हा संबंध पाण्याच्या वाटेने शोधावा लागतो. आपल्या नाल्यांचा उतार सीनेकडे आहे. सीना हत्तरसंग-कुडल येथे भीमेला मिळते, भीमा रायचूरजवळ कृष्णेला, आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला. त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालण्यास येतात. जेलीफिश हे त्यांचे एक भक्ष्य. पाण्यात तरंगणारी पातळ पिशवी त्यांना तशीच भासते. गिळलेली पिशवी पचत नाही. आतडे अडते आणि कासव उपासमारीने मरते. राज्यात २०१८ पासून अशा पिशव्यांवर बंदी आहे. आपल्या बाजारात ती कितपत दिसते, हे मी सांगायला नको.

परंतु खरा प्रश्न याहून अवघड आहे. माझीच पिशवी त्या कासवाच्या पोटात गेली, हे कोण सिद्ध करणार? ती एखाद्या बंधाऱ्यात अडकलीही असेल. ज्याचे नुकसान झाले तोच ठाऊक नसेल, तर गुन्हा कोणाचा?

येथे एक हदीस विचारात घ्यावी. पाणवठ्यावर, वाटेवर आणि सावलीच्या जागी शौच करण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली व ते लानतीचे कारण ठरविले. त्या पाणवठ्यावर नंतर कोण येईल, हे घाण करणाऱ्याला कोठे ठाऊक असते? कदाचित कोणी येणारही नाही. तरीही कृत्य निषिद्धच. अनोळखी, अद्याप न आलेल्या वाटसरूचाही आपल्यावर हक्क आहे. तो वाटसरू माणूसच असला पाहिजे, असे म्हणावे, तर सूरह अनआमच्या ३८व्या आयतीने जमिनीवर चालणाऱ्या व पंखांनी उडणाऱ्या जीवांना आपल्यासारख्याच उम्मती म्हटले आहे. किनाऱ्याच्या वाळूत चढून येणारे कासव त्यांतून कसे वगळणार?

'वाहते पाणी पाकच असते' असेही काही जण ऐकवितात. तो मसला वुजूच्या पाण्याचा आहे. कचरा टाकण्याचा परवाना नव्हे.

बकरी ईदला कुर्बानीचे हिस्से आपल्याकडे याच पातळ पिशव्यांतून घरोघर जातात. यंदा ते डब्यांतून न्यावेत, असे मी जुम्याच्या बयानात सांगणार आहे. डबा परत आणायला पुन्हा त्या दारी जावे लागेल, ही अडचण खरी. नातलगांकडे दोनदा जाणे होईल, इतकेच.