कोयता आणि मोजमाप

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. त्यांच्या कामाला आपण सहज ‘अकुशल’ म्हणतो. फडात उभं राहून पाहावं. डाव्या मुठीत ऊस, कमरेतून वाक आणि कोयत्याचा घाव थेट जमिनीलगत, कारण साखर बुडख्याकडे जास्त असते. लगेच पाचट झाडायचं, वरचं वाढं उडवायचं. पुढचा ऊस आडवा पडलेला, त्याच्या पुढचा दुसऱ्यात अडकलेला. एक घाव दुसऱ्यासारखा नसतो.

हीच गोष्ट १९२० च्या दशकात मॉस्कोच्या श्रम संस्थेत निकोलाय बर्नस्टाइन यांच्या ध्यानात आली. छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या सांध्यांवर त्यांनी छोटे दिवे बांधले आणि छायाचित्रं घेतली. सराईत माणसाचा हातोडा दर वेळी नेमक्या जागी पडत होता, पण खांदा आणि कोपर दर वेळी थोड्या वेगळ्या वाटेने जात होते. कामाची एकच ‘बरोबर’ हालचाल असते, ती शोधून सगळ्यांना शिकवावी, या समजुतीला हा मोठा धक्का होता. कसब हालचालीच्या नकलेत नसतं, दर वेळी नव्याने जुळवून घेण्यात असतं.

यंत्रांच्या बाबतीत हे उमगायला फार वेळ लागला. १९८० च्या दशकाच्या आरंभी मार्क रेबर्ट यांनी एका पायावर उड्या मारणारं यंत्र केलं. त्यात पावलापावलाचा हुकूम नव्हता. उडीची उंची, पुढचा वेग आणि धडाचा तोल, एवढंच सांभाळायचं होतं. पुढे प्रश्नच बदलला. बर्कलीत जॉन शुलमन यांचा २०१६ चा डॉक्टरेटचा प्रबंध याच वळणावरचा. त्यात संगणकातल्या आभासी देहाला कसं चालायचं ते सांगितलेलं नाही. पुढे सरकलास तर गुण, पडला नाहीस तर गुण, उगाच जोर लावलास तर वजा. बाकीचं तो असंख्य वेळा पडून शिकतो.

म्हणजे सगळी भिस्त गुण कशाला द्यायचे यावर आली. तिथे चूक झाली की काय होतं, हे कार्ल सिम्स यांनी १९९४ मध्येच पाहिलं होतं. संगणकात घडवलेल्या प्राण्यांना त्यांनी चालण्यासाठी गुण दिले, तर काही प्राणी नुसते उंच झाले आणि आडवे पडले. पडताना अंतर कापलं जात होतंच. तेव्हा सिम्स यांनी मोजणी बदलली. आधी प्राण्याला पडून स्थिर होऊ दिलं, मग अंतर मोजायला घेतलं.

हे वाचताना मला फड आठवतो. तिथे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. उचल घेतलेली असते, मजुरी टनावर ठरते आणि एक दिवस चुकला की खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या दुखण्याला या हिशोबात जागा नाही. बीड जिल्ह्यात गर्भपिशवी काढलेल्या ऊसतोड बायकांच्या संख्येबद्दल इतकं बोललं जाऊ लागलं की २०१९ मध्ये राज्य सरकारने चौकशीसाठी समिती नेमली. त्या बायकांनी कसब तर केव्हाच कमावलेलं होतं. त्यांच्या शरीराला मोजमापाशीही जुळवून घ्यावं लागलं. ते मोजमाप अजून कारखान्याच्या वजनकाट्यावरच होतं.