खाणीला प्रदक्षिणा

देवाला प्रदक्षिणा घालून माणूस पोचतो कुठे? जिथून निघाला तिथेच. मग एवढी पायपीट कशासाठी? आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला आणि देवळांतही भरपूर फिरले, पण हा प्रश्न मला नीट पडला तो वेताळ टेकडीवर, दगडाच्या खाणीपाशी.

पुणेकरांना ही वाट सांगायला नको. इतरांसाठी सांगते. एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या रस्त्याने गाडी वर आणून लावली की चढ संपल्यातच जमा. पुढे मातीची रुंद वाट आणि दोन्ही बाजूंना उंदीरमारीची झाडं. फेब्रुवारीत त्यांची पानं झडतात आणि नुसती फिकट गुलाबी फुलं उरतात. टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, म्हणजे शहरातली सगळ्यात उंच जागा. पण चालायला इतकी सोपी की गुडघेदुखीवालेही कुरकुर न करता येतात. खाण बघायची, वेताळबाबाला हात जोडायचे आणि फिरून गाडीपाशी यायचं.

खाण कधीच बंद झाली आहे. काठावरून पाहिलं की समोर उभा कापलेला काळा कातळ दिसतो आणि तळाशी पावसाचं साठलेलं पाणी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक थिजत गेले, त्याचा हा बेसाल्ट. मी काठाने फिरते तेव्हा खाण उजव्या हाताला ठेवते. देव उजव्या हाताला ठेवायचा, ही लहानपणापासूनची सवय. आमच्या गटातले एक निवृत्त इंजिनिअर मला चिडवतात, “अहो बाई, खड्ड्याला कसली प्रदक्षिणा घालताय? मधे काहीतरी असावं लागतं ना!”

शंका रास्त आहे. मधे काही नसेल तर ती प्रदक्षिणा की नुसता व्यायाम?

आमच्या सासूबाई सोमवती अमावास्येला पिंपळाला १०८ प्रदक्षिणा घालायच्या. परडीत मोजून १०८ बत्तासे. एक फेरी झाली की एक बत्तासा बुंध्याशी. शेवटी परडी रिकामी आणि चेहऱ्यावर समाधान. आज टेकडीवर जो तो मनगटावरच्या घड्याळात पावलं बघतो. १०,००० झाली की तसंच समाधान. सासूबाईंना पुण्य हवं होतं, आम्हाला रक्तातली साखर उतरायला हवी. हिशेब दोन्हीकडे आहे, त्यामुळे त्यांना भाबडं म्हणायचा अधिकार आम्हाला नाही.

पण परंपरेत हिशेबाला छेद देणारी एक गोष्ट आहे. देवीला १, गणपतीला ३, सूर्याला ७ अशा प्रदक्षिणा सांगितल्या आहेत. शंकराला मात्र अर्धीच. अभिषेकाचं पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडतं तिथवर जायचं, ती ओलांडायची नाही, आल्या पावली मागे फिरायचं. फेरी पुरी करण्यातच पुण्य असतं, तर असा नियम कुणी केला नसता. इथे चालण्यापेक्षा थांबण्याला महत्त्व आहे.

माझ्या मते प्रदक्षिणेचं मर्म याच्याही आत आहे. कितीही फिरा, मधल्या गोष्टीपासूनचं तुमचं अंतर कमी होत नाही. एरवी आपण ज्याच्याकडे जातो त्याच्याकडे काही मागायला, काही आणायला, निदान हात लावायला जातो. प्रदक्षिणेत माणूस त्या वस्तूला सगळ्या बाजूंनी बघतो आणि तिला तिच्या जागी राहू देतो.

कार्ल्याच्या चैत्यगृहात हे डोळ्यांना दिसतं. सुमारे २००० वर्षांपूर्वीचं ते काम, आणि दगड आमच्या टेकडीसारखाच बेसाल्ट. दोन्ही बाजूंना हत्तींवर बसलेल्या जोडप्यांचे नक्षीदार खांब आहेत. स्तूपामागे वळलं की मात्र साधे अष्टकोनी खांब लागतात, तिथे नक्षी संपते. अंधारातून स्तूपाच्या कडेने चालत पुन्हा उजेडात यायचं. स्तूपाला दार नाही. आत जायची सोयच नाही. त्याच्याभोवती फिरता येतं, बस्स. तिथेही माणसांनी छिन्नीने डोंगर पोखरून ढिगांनी दगड बाहेर काढला. पण मधला तेवढा कातळ ठेवला, आणि तो ठेवला म्हणून बाकीच्या पोकळीला अर्थ आला.

आमच्या खाणीत मधलं काही ठेवलं नाही. इंजिनिअर काकांना माझं उत्तर हेच असतं: मधे काहीतरी होतं, ते आपण उचलून नेलं. कुणाच्या जोत्यात गेलं, कुणाच्या रस्त्याची खडी झालं. मी तक्रार करत नाही. दगडाशिवाय शहर उभं राहत नाही आणि माझं घरही हवेत बांधलेलं नाही. पण घेण्याला पन्हळ कुठे, कुठून मागे फिरायचं, हे खाणीला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून मी तिला प्रदक्षिणा घालते. त्यात पुण्याची अपेक्षा नाही. थांबायचं कुठे, याची ती उजळणी आहे.

याला कुणी धर्म म्हणो न म्हणो. देव मानणाऱ्याला त्या पोकळीत देव दिसेल, न मानणाऱ्याला मर्यादा दिसेल. वागणुकीत दोघांचं सारखंच उतरलं तर मला फरक पडत नाही.

बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत याच टेकडीच्या अंगाने रस्ता काढायचा वाद वर्षानुवर्षं चालू आहे. वाहतूक कोंडीत मीही अडकते आणि वैतागते. तरीही माझं मत रस्त्याच्या विरोधात आहे. झाडं आणि मोर ही कारणं आहेतच, पण माझं पहिलं कारण वेगळं आहे. ज्या शहराला सगळीकडून सरळच जायचं असतं, त्याच्याकडे प्रदक्षिणा घालण्याजोगं काही उरत नाही.