रुमालानं जागा धरली, पाकीट कुणी धरलं?

बस. खुर्चीवर नको, तिथं पायरीवर. दहावीत गृहपाठ विसरून आलास की जो चेहरा करायचास तोच आज करून आलायस, म्हणून जागाही तीच.

"गुरुजी, थायलंडात खिसेकापू लई असतात म्हणं. काय काळजी घ्यावी?" असं विचारतोस. बियाण्याचं टार्गेट पूर्ण केलंस, कंपनी पट्टायाला नेतेय, आनंद आहे. मुरुडातली आणखी दोन दुकानंही त्याच विमानात आहेत म्हणे. पण मला एक सांग, मागच्या मंगळवारी लातूरहून येताना तुझं पाकीट गेलं, ते काय थायलंडात गेलं होतं?

मान वर कर. मला कसं कळलं ते सोड. तुझ्या घरातनं आमच्या हिला कळलं, हिच्याकडून मला. मुरुडात गोष्ट दाबून ठेवायची तर सांगायचीच नाही, आणि तू तर बायकोला सांगितलीस.

मी तिथं नव्हतो, तरी काय झालं ते मी सांगतो. बरोबर आहे का ते तू सांग. संध्याकाळची वेळ, क्लास सुटलेली पोरं, मोंढ्यातून परतणारी माणसं. गाडी फलाटाला लागायच्या आत तू पळत सुटलास. चाकावर पाय दिलास, खिडकीतून हात घातलास आणि तिसऱ्या सीटवर रुमाल टाकलास. रुमाल टाकला म्हणजे सातबाऱ्यावर नाव लागलं! मग दाराशी आलास. उतरणाऱ्यांना उतरू देत नाहीत, चढणारे थांबत नाहीत, त्या चेंगराचेंगरीत एका हातात कॅटलॉगची पिशवी, दुसरा हात दाराच्या दांडीला. दोन्ही हात वर. मागच्या खिशात फुगलेलं पाकीट, बाहेरून चौकोन दिसतोय. तुझ्यापुढचा माणूस पायरीवर अचानक थांबला, "अरे चप्पल, चप्पल" म्हणत वाकला. मागचा तुझ्या पाठीवर आदळला. तू चिडलास, पुढच्याला दोन शब्द सुनावलेस. आणि तेवढ्यात झालं.

चप्पलवाला गाडीत चढलाच नाही, आठवतंय? चढणारच नव्हता. एक अडवतो, दुसरा ढकलतो, तिसरा काढतो आणि हातातल्या हातात चौथ्याला देतो. ज्याची तू कॉलर धरशील त्याच्या अंगावर सुतळीचा तोडासुद्धा सापडत नाही. मी तीस वर्षं या रस्त्यानं अप-डाऊन केलंय लेका, माझ्यादेखत असे चार खिसे गेले. चारही दारात. गाडी सुटून सगळे बसले की तिथं कोण कुणाचा खिसा कापतो? खिसेकापूला गर्दी लागते, आणि ती गर्दी त्याला आपण करून देतो. रांग लावली असती तर बिचाऱ्याचा धंदा बसला असता. सीट मिळाली ना? रुमाल होता ना जागेवर? मग रुमालानं जागा धरली, आणि पाकीट कुणी धरलं?

आत चौदा हजार होते. वसुलीचे. आधार कार्ड, लायसन. आणि एटीएम कार्ड. कार्डामागं चिठ्ठी, चिठ्ठीवर पिन. हसू नकोस, हे हसायचं नाही. पिन विसरतो म्हणून चिठ्ठी ठेवलीस? विहिरीला कुलूप घातलं आणि किल्ली कडीला बांधली. कार्ड बंद करायला बँकेला फोन केलास तो दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर, अकरा वाजता. रिझर्व्ह बँकेचा 2017 सालचा नियम आहे. ग्राहकाच्या हलगर्जीपणानं पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे मंगळवारच्या रात्रीपासून बुधवारी अकरापर्यंत तुझी तिजोरी उघडी होती आणि तू घोरत होतास. त्यातून काही गेलं नाही हे तुझं नशीब. त्याचं श्रेय तू घेऊ नकोस.

आता मला खरा राग कशाचा आला ते ऐक. पाकीट गेल्याचा नाही. शहाण्यासुरत्यांचं जातं. राग याचा, की तू तक्रार दिली नाहीस. कुणी विचारलं तर "घरीच विसरलं" म्हणून सांगत फिरलास. का? तर लोक हसतील. एवढा मोठा दुकानदार आणि खिसा कापून आला! तुझ्या मिशीचा पीळ राहावा म्हणून बुधवारी त्याच दारात, त्याच चप्पलवाल्यानं दुसऱ्या कुणाचा तरी खिसा साफ केला असेल. क्लासच्या फीचे पैसे घेऊन निघालेलं एखादं पोरगं असेल. शेजारच्या सीटवरच्या माणसाला तू दोन शब्द सांगितले असतेस तर?

"प्रवासातलं प्रकरण, हद्द कुणाची?" असलं मला सांगू नकोस. मागं कधी कुठल्या ठाण्यात कुणाला हद्दीच्या नावाखाली परत पाठवलं असेल, ती गोष्ट वेगळी. 1 जुलै 2024 पासून कायदे बदललेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 वाच. गुन्हा कुठंही घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, आणि नोंदवलेल्या माहितीची प्रत फुकट मिळते. आणि भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण प्रवासी वाहनातून चोरी केली तर कलम 305, सात वर्षांपर्यंत. सरकारला गाडीतली चोरी घरातल्या चोरीच्या पंक्तीला बसवावीशी वाटली, आणि तुला ती कागदावरसुद्धा आणावीशी वाटली नाही.

नशीब, मोबाइल वाचला. तो गेला असता तर? त्याचा आयएमईआय नंबर कुठं लिहून ठेवलायस? नाही ना. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाब, आता, माझ्यासमोर. आला का पंधरा आकडी नंबर? घरी वहीत उतरव. मोबाइलच्याच नोट्समध्ये ठेवू नकोस, तेवढी अक्कल शाळेत दिली होती मी. चोरीला गेलेला फोन देशभर बंद करायची सोय सरकारनं संचार साथी पोर्टलवर करून ठेवलीय, पण तिथं तक्रारीची प्रत मागतात. म्हणजे पुन्हा ठाणंच.

आता भाड्याचं. तुला टमटमवाल्याशी भांडताना मी दोनदा पाहिलंय. दोन्ही वेळा उतरल्यावर! बसताना तोंडात गुळणी, उतरल्यावर सिंहगर्जना. पाचासाठी. तुझ्या दुकानात गिऱ्हाइकानं युरियाची गोणी गाडीत टाकून मग "किती?" म्हटलेलं चालेल तुला? 45 किलोची गोणी, 266 रुपये 50 पैसे, छापलेलं असतं, तरी तो आधी विचारतो आणि मशीनवर अंगठा दिल्याशिवाय तू गोणी हलवू देत नाहीस. काळी-पिवळीला नाही छापील भाव, म्हणून तर तिथं आधी विचारायचं. पोळा, दसरा, लग्नाची तिथी, त्या दिवशी दर वाढतो हे तुला ठाऊक आहे. ठाऊक असून दारात विचारायचं नाही आणि चौकात तमाशा करायचा.

एसटीत निदान टप्पा ठरलेला आहे. सहा किलोमीटरचा एक. जानेवारी 2025 मध्ये भाडं पंधरा टक्क्यांच्या आसपास वाढलं तेव्हा तू या ओसरीवर बसून सरकारला शिव्या दिल्यास. द्यायच्या तर दे. पण मार्च 2023 पासून तुझ्या घरातलीला अर्धं तिकीट आहे, तुझ्या आईला पंचाहत्तरी ओलांडल्यापासून फुकट आहे, त्या सगळ्याचा हिशेब तुझ्या वहीत दिसत नाही. वर पोराचं अर्धं तिकीट मागतोस. किती वर्षांचा आहे? बारा? तीन वर्षं झाली, तो बाराच वर्षांचा आहे! नववीत आहे ना तो? वर्गात त्याचा हजेरीपट मीच एकदा पाहिलाय. कंडक्टर बिचारा मान हलवून तिकीट फाडतो, आणि पोरगं शेजारी बसून बघत असतं बापाचं गणित. तपासनीस चढला तर चुकवलेल्या भाड्याची दुप्पट किंवा शंभर रुपये, जे जास्त असेल ते भरायचं. तेव्हा पोराचं वय एकदम वाढेल.

तिकिटाचा तो चिटोरा तू उतरताना चुरगाळून फेकतोस. त्यात एक रुपया अपघात सहाय्यता निधीचा असतो, 1 एप्रिल 2016 पासून. देव न करो, पण गाडीला काही झालं तर तू त्या गाडीत होतास याचा पुरावा तोच. आणि मागच्या बाजूला कंडक्टरनं पेनानं लिहिलेली बाकी? परवा चाळीस रुपये तसेच सोडून उतरलास, मग म्हणालास, कंडक्टर चोर. तो सुट्टे घेऊन तुझ्या घरी यायचा होता का?

हं. थायलंड. विचारलंस म्हणून सांगतो. माझा भाचा तिकडं जाऊन आलाय, त्याच्याकडून तासभर सगळं खोदून घेतलंय मी. तिकडं सोंगथेव म्हणून गाडी असते. नावाचा अर्थच दोन रांगा. पिकअपच्या पाठीमागं छत टाकलेलं, समोरासमोर दोन बाकडी, मागून चढायचं. आपली टमटमच, जरा उंच घराण्यातली. पट्टायात ती ठरलेल्या रस्त्यानं फिरते. हात केला की थांबते, उतरायचं तिथं छताची घंटी दाबायची, खाली उतरून ड्रायव्हरला ठरलेलं भाडं द्यायचं. सुट्टं द्यायचं. आणि इथं तुझी गंमत होणार आहे. तिथल्या ठरलेल्या मार्गावर दारात उभं राहून भाव विचारलास की ड्रायव्हर समजतो, याला अख्खी गाडी हवीय. मग तो सांगेल तो आकडा. म्हणून भाडं आदल्या रात्री हॉटेलात विचारून ठेवायचं आणि मुकाट चढायचं. टुकटुकचं, म्हणजे तिथल्या रिक्षाचं, उलटं. तिला मीटर नाही, बसायच्या आधी भाव ठरवल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. फारच स्वस्तात न्यायला निघाला तर वाटेत रत्नांच्या नाहीतर कपड्यांच्या दुकानात उतरवणार, हे धरून चाल. टॅक्सीत मीटर टाकायला लाव. पर्यटकांच्या पोलिसांचा नंबर 1155, इथला 112. दोन्ही कागदावर लिहून घे.

एवढं सांगितलं, आता तिथं तरी मागच्या खिशात पाकीट ठेवणार नाहीस ना? ठेवशील. मला तुझी खात्री आहे.

माझे वडील तूर घेऊन लातूरच्या मोंढ्यात जायचे, बार्शी लाईटनं. 1911 साली ती छोटी गाडी लातूरपर्यंत पोचली, 2008 च्या सुमारास रूळ रुंद झाले आणि ती गेली. बैलगाडीनं शर्यत लावावी असा तिचा वेग. वडील निरक्षर होते. हिशेबपट्टी दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे. पण बंडीच्या आत, डाव्या बरगडीवर, आईनं शिवलेला चोरखिसा होता. नोटा त्यात, वर आडवी सेफ्टी पिन, वरून सदरा. वरच्या खिशात फक्त तिकीट आणि बिडीपुरते पैसे. दर थोड्या वेळानं खिसा चाचपायचे नाहीत, कारण चाचपणारा माणूस चोराला पत्ता सांगतो. डब्यात चढताना सगळ्यात शेवटी. मी लहान होतो, मला लाज वाटायची, आपल्याला कधीच खिडकी मिळत नाही म्हणून. आयुष्यात त्यांचा एकदाही खिसा कापला गेला नाही. आणि तू बी.एस्सी. ॲग्री.

उठू नकोस. कुठं निघालास? ते कपाट उघड, वरच्या फळीवर कोरे कागद आहेत, दोन घे. पेन तुझ्या खिशात आहे ना, की तेही गेलं? लिही. प्रति, पोलीस निरीक्षक. विषय काय लिहिणार? "पाकीट हरवल्याबाबत"? हरवलं नाही, चोरीला गेलंय. खोड ते. तारीख खरी टाक, मंगळवारची, आणि तक्रारीला पाच दिवस उशीर का झाला त्याचं कारणही खरं लिही. होय, तेच. लाज वाटली म्हणून. चौदा हजारांचा आकडा अक्षरी पण लिही. पिनच्या चिठ्ठीचं? तेही.

दाखव. "पाकिट"? पाकीटमधला की दीर्घ. चाळीस वर्षांचा झालास. पुन्हा लिही.