मुक्या जिवाचे पान

आपल्या पानात काय असावे याचा निर्णय प्रौढ माणूस स्वतः घेतो आणि तो चुकला तर त्याचे फळही स्वतःच भोगतो. लहान मुलाच्या पानाचा निर्णय आईबाप घेतात. पण ते मूल मोठे होऊन त्यांना जाब विचारू शकते. कुत्र्याचे तसे नाही. जन्मभर त्याचे पान दुसऱ्यानेच वाढावयाचे आणि जे वाढले त्याबद्दल त्याने शेपूट हलवून कृतज्ञता दाखवावयाची. ज्याच्याकडून कधीच तक्रार येणार नाही अशा जिवाच्या वतीने निवड करताना माणसाने कोणती कसोटी लावावी? पाळीव कुत्र्याला कच्चे मांस घालावे की कारखान्यातील कोरडे खाद्य, या हल्लीच्या वादाच्या तळाशी हा प्रश्न आहे. आणि तो दिसतो तितका क्षुल्लक नाही.

तयार खाद्याचा इतिहास काही फार जुना नव्हे. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाचा एक अमेरिकन गृहस्थ विजेपासून इमारतींचे रक्षण करणाऱ्या सळया विकण्यासाठी इंग्लंडात गेला होता. गोदीवरची कुत्री जहाजांतील टाकाऊ बिस्किटे खाताना पाहून त्याला कुत्र्यांसाठी खास बिस्किटे करण्याची कल्पना सुचली, अशी हकीकत सांगतात. पुढे १९५७ साली अमेरिकेत यंत्राच्या दाबाखाली शिजवून फुगविलेले कोरडे दाणे बाजारात आले आणि कुत्र्याचे जेवण म्हणजे पुडा फोडून वाटीत ओतणे असे समीकरण होऊन बसले. या समीकरणाविरुद्ध १९९३ साली इयन बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्याने ‘गिव्ह युअर डॉग अ बोन’ हे पुस्तक लिहिले. कुत्रा हा लांडग्याचा वंशज असून कच्चे मांस आणि हाडे हेच त्याचे स्वाभाविक अन्न होय, असा त्या पक्षाचा सिद्धान्त आहे.

या सिद्धान्ताचे बळ ‘स्वाभाविक’ या एका शब्दात आहे, म्हणून तो शब्द आधी तपासून पाहिला पाहिजे. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. पिष्ट पदार्थ पचविणाऱ्या एका विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती आढळल्या, तर कुत्र्यांत त्या चारपासून तिसापर्यंत आढळल्या. शेती करणाऱ्या माणसाच्या उंबरठ्याशी हजारो वर्षे भाकरतुकड्यावर जगलेल्या प्राण्याच्या रक्तातच ती भाकरी उतरली आहे, असा याचा अर्थ. हस्कीसारख्या उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशांतील जातींत या प्रती तुलनेने कमी असतात, तेव्हा ‘कुत्रा’ या एका शब्दाने सर्वांना एकच नियम लावणेही बरोबर नाही. शिवाय निसर्गाला लांडग्याच्या दीर्घायुष्याची चिंता नसते. पिल्ले वाढवून तो मेला की निसर्गाचे काम झाले. आपण मात्र आपल्या कुत्र्याने तेरा-चौदा वर्षे सुखाने जगावे अशी इच्छा धरतो. ही इच्छा निसर्गाची नसून माणसाची आहे आणि तिची जबाबदारीही माणसावरच येते.

म्हणून कारखान्याचा पक्ष निर्दोष ठरतो असे नाही. २००७ साली उत्तर अमेरिकेत गव्हाच्या प्रथिनात मेलामाइन हे रसायन मिसळलेले निघाले, आणि त्यापासून केलेले खाद्य खाऊन अनेक कुत्री व मांजरे मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. २०२० च्या अखेरीस बुरशीच्या विषाने दूषित झालेले कोरडे खाद्य बाजारातून परत घ्यावे लागले. २०१२ साली तर कोरड्या खाद्यातील साल्मोनेला जंतूंमुळे माणसे आजारी पडली. दाणे भट्टीत शिजले तरी नंतर त्यांच्यावर चरबी फवारली जाते, आणि तेथून पुढे जंतू शिरण्यास वाट मोकळी असते. आपल्याकडे पावसाळ्यात उघडा राहिलेला पुडा किंवा दुकानात सुटे विकले जाणारे दाणे यांचा भरवसा धरणे कठीणच.

तरीही एक गोष्ट कारखान्याच्या बाजूने मान्य करावी लागते. नुसत्या मांसात फॉस्फरस पुष्कळ आणि कॅल्शियम अत्यल्प असते. वाढत्या पिल्लाला प्रेमाने केवळ मांसच घातले, तर त्याचे शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढू लागते आणि हाडे ठिसूळ होतात. चांगल्या तयार खाद्यात हे प्रमाण मोजून साधलेले असते. घरी तेच साधावयाचे तर जाणत्या पशुवैद्याकडून हिशेब करून घ्यावा लागतो. अंदाजाने ते साधत नाही.

परंतु या वादातील खरा नैतिक प्रश्न कुत्र्याच्या पचनाचा नाहीच. कच्च्या मांसातील साल्मोनेला कुत्र्याला बाधत नाही असे पुष्कळदा घडते. तो निरोगी दिसतो, पण त्याच्या विष्ठेतून जंतू बाहेर पडत राहतात. शेळ्यामेंढ्यांच्या कच्च्या काळजात वा फुप्फुसात हायडॅटिड कृमीच्या गाठी असल्या तर त्या खाऊन कुत्र्याच्या आतड्यात कृमी वाढतात, आणि त्यांची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात वर्षानुवर्षे वाढणारी गाठ होते. मांस पुरेसे दिवस खोल गोठविल्यास अशा कृमींचा नाश होतो. साल्मोनेला मात्र गोठवूनही जगतो. अमेरिकेतील पशुवैद्यांच्या संघटनेने २०१२ साली जंतुनाश न केलेले प्राणिज अन्न कुत्र्यामांजरांना देऊ नये असा सल्ला दिला, तो मुख्यतः याच कारणासाठी.

आता हा धोका कोणाच्या वाट्याला येतो? कच्च्या आहाराचा निर्णय साहेब घेतात; पण मांस कापणारा स्वयंपाकी, वाटी घासणारी बाई, अंगण झाडणारा माणूस आणि कुत्र्याच्या गळ्यात पडून खेळणारे मूल यांना कोणी विचारलेले नसते. आपल्यापैकी जे परप्रांतात सरकारी बंगल्यात राहतात, त्यांनी या गोष्टीचा विशेष विचार करावा. बदलीच्या गावी चाकरीस येणारा माणूस आपली भाषाही धड जाणत नाही, मग ‘हे काम मी करणार नाही’ असे तो कोठून म्हणणार? त्याचे मौन आणि कुत्र्याचे मौन यांत या बाबतीत फारसा फरक नाही. स्वतःच्या जिवावर धोका पत्करणे हे धाडस असेल. दुसऱ्याच्या जिवावर तो पत्करणे हा अन्याय होय.

उलट टोकाला शाकाहारी घरातील यजमान असतो. कुत्रा हा मांजरासारखा केवळ मांसावर अवलंबून असणारा प्राणी नव्हे. काळजीपूर्वक योजलेल्या शाकाहारावरही तो जगू शकतो. पण त्याला दूधभात घालताना आपण त्याच्या शरीराची गरज भागवितो की आपल्या सोवळ्याची? आणि दारी लांडगा पाळल्याचा अभिमान मिरविणारा मांसाग्रही तरी कोणाची हौस भागवितो? दोघेही कुत्र्याच्या पानात स्वतःचेच प्रतिबिंब पाहतात.

नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळविली, तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. तुपात कुत्र्याचे हित किती, हा वैद्यकाचा प्रश्न येथे बाजूस ठेवू. कथेचे मर्म असे की, स्वतःचे जेवण गेले असता नामदेवांचे लक्ष त्या प्राण्याच्या उणिवेकडे गेले. शिवाय तूप घेऊन ते स्वतः धावले. कोणा शिष्याला त्यांनी पाठविले नाही.

हीच कसोटी आजही पुरेशी आहे. ज्या घरात तान्हे मूल, वृद्ध किंवा दुर्बल रुग्ण आहे तेथे कच्चे मांस नसावेच. मांस शिजवून, हाडे काढून, पशुवैद्याने सांगितलेल्या पूरक द्रव्यांसह घालणे हा मध्यम मार्ग बहुतेकांना साधण्यासारखा आहे. शिजलेले हाड मात्र कधीही देऊ नये, कारण त्याच्या ढलप्या आतडे फाडतात. ज्याला वेळ नाही त्याने तयार खाद्य आणावे, पुड्यावरील तारीख पाहावी, पुडा कोरड्या जागी बंद ठेवावा आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये. आणि इतके होऊनही ज्याला कच्चे मांसच घालावयाचे असेल, त्याने सुरी-पाट वेगळे ठेवावेत, मांस स्वतः कापावे, वाटी स्वतः घासावी आणि विष्ठाही स्वतः उचलावी. हे काम वर्षभर स्वतःच्या हाताने करण्याची तयारी नसेल, तर त्या आहाराचा आग्रह धरण्याचा अधिकारही त्याला नाही.