बंदुकीला नियत नसते

काही आकडे भाषेत शब्दांसारखे राहायला येतात. ‘चारशे वीस’ हा त्यातला एक, ‘थ्री नॉट थ्री’ हा दुसरा. कराड, पाटण, वाळवा या भागात इंग्रजीचे एक अक्षर न येणारी जुनी माणसेसुद्धा हा आकडा सहज उच्चारत. ही इंग्रजांच्या लष्कराची ली-एन्फिल्ड रायफल. इंचाचे हजार भाग केले तर त्यातल्या ३०३ भागांएवढा नळीचा व्यास, म्हणून हे नाव. मॅगझिनमध्ये दहा काडतुसे, वजन चार किलोच्या आसपास, आणि प्रत्येक गोळीनंतर हाताने मागेपुढे करायचा पोलादी बोल्ट. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तयार होऊ लागली आणि माणसांच्या दोन-तीन पिढ्या मागे टाकून टिकली. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताकदिनी.

अशी जुनी लष्करी घडणीची रायफल एखाद्या सभ्य, नमाजी, कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेल्या माणसाने हौसेने विकत घ्यावी का, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. माझ्यापुढे तो एका स्नेह्यामुळे आला. हे गृहस्थ शिकलगार. सारे आयुष्य लेथ मशिनवर गेले. त्यांच्या पूर्वजांचा धंदा हत्यारांना धार लावण्याचा, त्यांना झिलई देण्याचा. ‘सैकल’ म्हणजे झिलई. त्यावरून सैकलगर आणि त्याचे आपल्याकडे झाले शिकलगार. तलवारी गेल्या, तशी ही बिरादरी अडकित्ते, कात्र्या, विळ्या, सुऱ्या यांच्याकडे वळली. लोखंडाची नजर मात्र रक्तात राहिली. गावाकडच्या एका जुन्या घराण्यातली रायफल विक्रीला निघाल्याचे त्यांच्या कानावर आले. वारस पुण्यात स्थायिक झालेले, त्यांना ते लचांड नको होते.

ती रायफल थ्री नॉट थ्री नव्हती. सामान्य नागरिकाला ती मिळतही नाही. लष्कराचे काडतूस जिच्यात बसते अशी रायफल प्रजेच्या हाती असू नये, ही इंग्रजांची खबरदारी. स्वतंत्र भारतानेही ती कायम ठेवली. म्हणून ईशापूरच्याच कारखान्याने ली-एन्फिल्डच्या सांगाड्यावर .३१५ बोअरची नागरी रायफल काढली. म्हणजे सख्खी नव्हे, पण चुलत बहीण. चेहरा तोच, बोल्टची चाल तीच.

त्यांना शिकार करायची नव्हती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो विषय संपला. संरक्षणाचेही कारण नव्हते. त्यांच्या घरात चोराने न्यावे असे काही नाही. त्यांना ती पुसायची होती, बोल्टची चाल पाहायची होती आणि रीतसर परवानगी असलेल्या रेंजवर कागदाच्या लक्ष्यावर चार गोळ्या झाडायच्या होत्या. मुलाने मात्र सरळ सांगितले, “अब्बा, हे आपल्याला कशाला? उद्या कुठे काही झाले, तर पहिल्यांदा आपलेच दार वाजेल.” त्यांनी मला विचारले ते वेगळेच. “कायद्याचे मी बघतो. तुम्ही एवढेच सांगा, हा गुनाह आहे का?”

आपल्याकडे अशा प्रश्नाचे पहिले उत्तर तयार असते : नियत पाहा. कर्माची किंमत नियतीवर ठरते, ही शिकवण आपण बालपणापासून ऐकतो. तीरंदाजी शिकण्याला हजरत पैगंबरांनी (स.) उत्तेजन दिले आणि सजीव प्राण्याला बांधून नेमबाजीचे लक्ष्य करण्याची मनाई केली. म्हणजे नेम धरण्यात दोष नाही. दोष असेल तर तो कशावर धरला यात आहे. कागदावर नेम धरणारा शिकलगार यात बिनघोर सुटतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारातली रायफलही एकेक गोळी भरून बोल्टने चालवायची असते. गोळी लहान, पण मूळ कल्पना तीच. ते पदक पाहून आपण सारे आनंदलो, आणि त्यात गैर काहीच नव्हते.

पण हे उत्तर मला पुरेसे वाटेना. कारण नियत माणसाला असते, बंदुकीला नसते. ती ज्याच्या हाती जाईल त्याची नियत उसनी घेते. आपल्याच जिल्ह्याचा इतिहास पाहा. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर तिरंगा घेऊन निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती हुतात्मा झाले. पुढच्या वर्षी, ७ जून १९४३ ला, कराड तालुक्यातल्या शेणोलीजवळ तुफान सेनेने सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडवली. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात सरकारची हत्यारे सरकारविरुद्धही उचलली गेली. बंदूक जिथे होती तिथेच होती. फक्त हात बदलले.

त्याही आधीची गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढल्या. त्या पलटणींत मराठ्यांच्या कंपन्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या. बगदाद आणि करबला ही नावे ज्यांनी आईच्या मांडीवर ऐकली, ते तिथल्या मातीवर उभे राहिले आणि समोर तुर्की खलिफाची फौज होती. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत येथे वेढ्यात सापडलेल्या फौजेने शरणागती पत्करली, तेव्हा कैद झालेल्यांत आपल्या मुलखातली माणसेही होती. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या एका गावातले ४६ जण त्या महायुद्धात कामी आले. या शिपायांची नियत काय होती? कुणाची भाकरीची, कुणाची खाल्ल्या मिठाला जागण्याची, कुणाची घरची गहाण जमीन सोडवण्याची. यांतली एकही नियत वाईट नाही. तरीही त्यांच्या हातून जे घडले, ते त्यांच्या नियतीने ठरवलेले नव्हते.

बोल्ट-ॲक्शनच्या चाहत्यांचा एक आवडता युक्तिवाद आहे, आणि माझ्या स्नेह्यांनीही तो केला. ते म्हणाले, “ही सभ्य बंदूक. मशिनगनसारखी ओकत सुटत नाही. एक गोळी झाडली, की हात चापावरून काढायचा, बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, पुढे लोटायचा. तेवढ्यात माणसाला विचार करायला वेळ मिळतो. प्रत्येक गोळी म्हणजे नवा निर्णय.” युक्तिवाद सुंदर आहे. लेथवर आयुष्य घालवलेल्या माणसालाच तो सुचावा. पण १३ एप्रिल १९१९ ला जालियनवाला बागेत याच थ्री नॉट थ्री होत्या. पन्नास शिपाई, सुमारे दहा मिनिटे आणि १६५० गोळ्या. सरकारी आकड्यानुसार ३७९ माणसे मेली. लोकांच्या मते त्याहून कितीतरी अधिक. गोळी झाडणारे हातही हिंदुस्थानीच होते. गोळीमागून गोळी बोल्ट मागेपुढे झाला आणि तितक्याच वेळा विचार करण्याची फुरसत मिळाली. गोळीबार थांबला तो काडतुसे संपत आली तेव्हा. यंत्र माणसाला थांबायला जागा देऊ शकते. त्या जागेत जमीर जागा असेलच, याची हमी देऊ शकत नाही.

लढाईत तर हीच उसंत जिवावर बेतते. १९६२ मध्ये नेफात आपले जवान याच बोल्टच्या रायफली घेऊन चिन्यांच्या अधिक वेगवान हत्यारांसमोर उभे होते. त्या पराभवानंतर संरक्षण खाते हाती घेण्यासाठी दिल्लीला गेले ते कराडचे यशवंतराव चव्हाण. पुढच्या काही वर्षांत लष्कराच्या हाती ७.६२ मिलिमीटरची स्वयंभरण रायफल आली आणि थ्री नॉट थ्री हळूहळू पोलिसांकडे, होमगार्डकडे, एनसीसीकडे उतरत गेली. कॉलेजात कवायतीला आम्हाला जी रायफल मिळायची, ती ‘डी.पी.’ असायची. गोळी झाडता येणार नाही अशी करून टाकलेली, फक्त खांद्यावर वागवायची. तिच्या वजनाने खांदा दुखायचा, पण तिच्यापासून धोका कुणालाच नव्हता. स्नेह्यांना मी सुचवून पाहिले की असे काही चालेल का. ते हसले. म्हणाले, “धार काढून घेतलेल्या सुरीला शिकलगार काय करणार?”

मग मला १९६३ चे दुसरे एक उदाहरण आठवले. महायुद्धानंतर युरोपातल्या लष्करांच्या लाखो जुन्या रायफली अमेरिकेत मातीमोलाने विकल्या गेल्या. मासिकातली जाहिरात बघायची, पैसे पाठवायचे, टपालाने रायफल घरी यायची. इटलीतल्या तेर्नीच्या कारखान्यात १९४० साली बनलेली एक बोल्ट-ॲक्शन कार्कानो रायफल दुर्बिणीसह १९ डॉलर ९५ सेंटला अशीच विकली गेली. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला डलासमध्ये तिने राष्ट्राध्यक्ष केनेडींचा जीव घेतला. तेर्नीच्या कारागिराची नियत पोट भरण्याची होती, विकणाऱ्याची चार पैसे मिळवण्याची. दोघेही खुनी नव्हते. त्या काळात तशाच रायफली घेतलेल्या हजारो लोकांनी त्यांनी कागदाखेरीज काहीच भेदले नसेल. पण हत्याराचे आयुष्य एका मालकाच्या नियतीपेक्षा लांब असते, ही गोष्ट मला इथे स्पष्ट झाली. माणसाची नियत त्याच्याबरोबर दफन होते. लोखंड मागे राहते.

म्हणून या प्रश्नात नियतीच्या जोडीला आपलाच दुसरा एक शब्द घ्यावा लागतो : अमानत. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची पाती हाताने धरावीत, म्हणजे कुणाला इजा होणार नाही, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. थट्टेतसुद्धा भावावर हत्यार रोखू नये, असेही सांगितले आहे. लक्षात घ्या, तिथे बाण बाळगणाऱ्याच्या नियतीवर संशय घेतलेला नाही. तो भला माणूस आहे हे गृहीतच आहे. तरीही टोक त्याने स्वतःच्या मुठीत घ्यायचे आहे. टोचलेच, तर आधी आपल्याला टोचावे. हत्याराच्या मालकीचा अर्थ मला यात सापडतो. मालकी म्हणजे मिरवण्याचा हक्क नव्हे. इतरांच्या वाट्याला येऊ शकणारा धोका आपल्या मुठीत धरून ठेवण्याची ती जबाबदारी आहे.

मुलाच्या आक्षेपाला मात्र वेगळे उत्तर द्यावे लागेल. त्याची भीती खोटी नाही. गेल्या तीन-चार दशकांत तिला खतपाणी घालणारे पुष्कळ घडले आहे. परंतु भीतीपोटी सोडलेली गोष्ट ही त्याग ठरत नाही. १८७८ च्या शस्त्रकायद्याने इंग्रजांनी परवान्याची अट हिंदी माणसाला घातली आणि गोऱ्यांना मोकळे ठेवले. आपल्या नेत्यांना त्यात बंदुकीपेक्षा अपमान जास्त बोचला होता. १९५९ चा कायदा सगळ्यांना एकाच रांगेत उभा करतो. त्या रांगेत आपले नाव बघून कपाळावर आठ्या पडतील म्हणून आपणच रांगेतून बाहेर पडणे, म्हणजे १८७८ चा कायदा स्वतःपुरता पुन्हा लागू करणे होय. शिकलगारांनी रायफल घेऊ नये असे ठरले, तर ते पाटलांनी किंवा देशपांड्यांनी ज्या कारणासाठी घेऊ नये, त्याच कारणासाठी ठरावे. आपल्यासाठी पापाचे माप वेगळे नाही, तसे नागरिकत्वाचेही नसावे.

मी स्नेह्यांना सांगितले ते असे. हा गुनाह नाही. लोखंडावर प्रेम करणे गुनाह असते, तर हजरत दाऊद (अ.) यांच्या हाती लोखंड मऊ केले गेल्याची कथा कुराणात आली नसती. पण तिथेही त्यांच्या हातून घडते ते चिलखत, म्हणजे वार झेलणारी वस्तू, हे विसरू नये. रायफल घेतलीत, तर तीन गोष्टी तिच्याबरोबर विकत घ्या. पहिली, कुलूप, आणि काडतुसांना वेगळे कुलूप. दुसरी, तिचा इतिहास; ती कुणाच्या घरात होती, कशासाठी वापरली गेली, हे माहीत करून घ्या आणि नातवंडांना सांगताना फक्त बोल्टची चाल सांगू नका, जालियनवालाही सांगा. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड : आपल्या पश्चात ती कुठे जाणार, हे आजच लिहून ठेवा. मालक वारला, की रायफल पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, असे कायदाही सांगतो. कायदा वारसांना सांगतो. अमानत आपल्याला, हयातीतच, सांगते.

पहिल्या दोन अटी त्यांनी लगेच मान्य केल्या. तिसरीपाशी ते थबकले. मुलाला ती नको आहे आणि परक्याच्या नियतीची हमी त्यांना देता येत नाही. सूफींच्या बोलण्यात ‘सैकल’ हा शब्द हृदयाच्या आरशासाठी येतो. त्यावरचा गंज पुसत राहावा, असे ते सांगतात. माझ्या स्नेह्यांना तो अर्थ माहीत होता. अर्ज त्यांनी भरून ठेवला आहे, अजून दिलेला नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडले की देईन, म्हणाले. बंदुकीचा परवाना मागणाऱ्या प्रत्येकाने एवढी वाट पाहिली असती, तर मला वाटते, वाट पाहण्यातच पुष्कळांचे आयुष्य सुखाने सरले असते.