अर्ज कुणाच्या नावाने?

२०२५ च्या गणपतीत एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी दर्शनाला गेलो होतो. पाऊस लागलेलाच होता; कोयनानगरात भाद्रपदापर्यंत छत्री हा माणसाचा एक अवयवच असतो. आरती झाली, हातावर मोदक पडला आणि ओट्यावर गप्पा सुरू झाल्या. हा मुलगा पुण्याला हिंजवडीत संगणकाच्या एका कंपनीत नोकरी करतो. चौथीपर्यंत तो माझ्या वर्गात होता आणि पुढे दहावीच्या वर्षी संध्याकाळी गणिताची वही घेऊन माझ्या घरी येत असे. त्यामुळे त्याचा मला अभिमान आहे, आणि त्याच्या मतांची थोडी जबाबदारीही माझ्याकडे येते असे मी समजतो.

आमच्या खोऱ्यात पूर्वी मुंबईहून आलेल्या माणसाच्या शब्दाला जे वजन असे, ते आता पुण्याच्या संगणकवाल्याच्या शब्दाला आले आहे. मोबाईल कोणता घ्यावा हे लोक त्याला विचारतात. पोराला कोणत्या शाखेला घालावे हे विचारतात. आणि चहा संपता संपता मत कुणाला द्यावे हेही विचारतात. डोळ्यांच्या डॉक्टरला कुणी गुडघा दाखवीत नाही. पण ज्याला यंत्र कळते त्याला जगही कळत असले पाहिजे, अशी आपली एक भाबडी समजूत झाली आहे. आणि विचारणारे इतके असले, म्हणजे सांगणाऱ्यालाही हळूहळू तसेच वाटू लागते.

त्याची मते तीन, आणि ती तो एका दमात सांगतो. यंत्र चांगलेही नसते, वाईटही नसते. नोकरी ज्याची त्याने सांभाळावी. जो शिकत राहील तो टिकेल. आणि राजकारण ही घाण आहे; तिथली माणसे काढून एक चांगली ‘सिस्टिम’ बसवली, तर देशाचे निम्मे प्रश्न सुटतील.

ही मते मूर्खपणाची नाहीत. कचेरीच्या पायऱ्या चढून चढून ज्याच्या बापाच्या वहाणा झिजल्या, त्या मुलाला कुणाचे तोंड न बघणारे यंत्र देवासारखे वाटले तर त्यात त्याचे काय चुकले? यंत्र चहापाणी मागत नाही. ‘साहेब जेवायला गेलेत’ असे सांगत नाही. जात विचारीत नाही.

ओट्याच्या कोपऱ्यात घोंगडी पांघरून त्याचे आजोबा बसले होते. त्यांना सारी वाडी आबा म्हणते. त्यांनी नातवाला विचारले, तू तिथे करतोस तरी काय? मुलाने सोप्या भाषेत छान सांगितले. परदेशातल्या एका विमा कंपनीचे काम त्यांच्याकडे आहे. लोक पैशांसाठी अर्ज करतात. अर्जातली नावे, तारखा, कागद एकमेकांशी जुळतात की नाही हे संगणक पाहतो. जुळले तर मंजूर, नाही जुळले तर बाजूला. जिथे पूर्वी कारकुनांचा अख्खा मजला बसत असे, तिथे आता एका रात्रीत निकाल लागतो.

“आन् बाजूला ठेवलेल्या अर्जाचं काय हुतं?” आबांनी विचारले.

“त्याला कळवतात, आबा. मेल जातो.”

“मग त्यानं कुणाकडं जायाचं?”

“परत अर्ज करता येतो. तसं बटण आहे.”

“ते बटन कोन बघतं?”

मुलगा जरा थांबला. मग म्हणाला, “तेही सिस्टिमच बघते.”

आबा काही बोलले नाहीत. त्यांनी घोंगडी सावरली आणि पावसाकडे बघत बसले. त्यांचे हे गप्प बसणे समजायला त्यांची गोष्ट ठाऊक असायला हवी.

धरणाचे पाणी चढू लागले तेव्हा आबा तेरा-चौदा वर्षांचे होते. खालचे गाव सोडून ही मंडळी डोंगराच्या अंगाला वर सरकली. कित्येक गावांची माणसे सोलापूर, सांगली, ठाणे, रायगडकडे पाठवली गेली. कित्येक अशी वरच राहिली. आबांच्या वडिलांचे नाव एका कागदावर पाळण्यातले लागले आणि दुसऱ्यावर घरात हाक मारायचे. दोन नावे, म्हणजे कागदाच्या हिशेबी माणसे दोन; आणि त्यांतल्या एकाची जमीन गेली, तर मोबदला मागणारा दुसराच! विस्थापितांची जी नोंदवही असते तिला संकलन रजिस्टर म्हणतात. त्या रजिस्टरात बाप एकच आहे हे सिद्ध करण्यात आधी वडिलांचे आणि मग आबांचे आयुष्य गेले. कचेरीचे नाव घेत नाही. तिथली माणसे बदलत गेली, उत्तर तेच राहिले : नाव जुळत नाही. आता नातू नावे जुळवण्याचे यंत्र चालवतो. नियतीने थट्टा करावी ती किती करावी!

यंत्र चांगलेही नाही आणि वाईटही नाही, हे मत दुसऱ्या गावी मी कदाचित मान्य करून टाकले असते. कोयनेच्या काठी राहून ते मान्य करणे अवघड जाते. आमच्या दाराशी १०३ मीटर उंचीचे धरण उभे आहे. त्याच्या मागे सुमारे १०५ टीएमसी पाणी साठते. १९६२ साली इथल्या पाण्यावर पहिली वीज निघाली, आणि पुढे टप्पे वाढत वाढत प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅटपर्यंत गेली. हे पाणी जनित्रांपर्यंत जाते ते मुख्यतः सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून, पश्चिमेला. पोफळीच्या बाजूला ते शेकडो मीटर खाली कोसळते, वीज देते आणि वाशिष्ठीत मिसळून समुद्राला जाते. तेच पाणी पूर्वेला, म्हणजे नदीच्या मूळ वाटेने सोडले, तर धरणाच्या पायथ्याशी जे वीजगृह आहे त्याची क्षमता अवघी ४० मेगावॅट. पण ते पाणी पुढे कृष्णेला मिळते, आणि ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजना ते उपसून सांगलीच्या दुष्काळी मुलखाला देतात.

आता गणित घेऊन बसा. गणित म्हणेल, पश्चिमेला सोडा. तिकडे पडझड मोठी, वीज भरपूर. आटपाडीचा किंवा जतचा शेतकरी म्हणेल, इकडे सोडा. माझी बाग वाळते आहे. कृष्णेच्या पाणीतंट्यात लवादाने १९७० च्या दशकात पश्चिमेला न्यायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. हा आकडा कोणत्या जनित्रातून निघाला? तो माणसांच्या भांडणातून, साक्षींतून, युक्तिवादांतून निघाला. दरवाजाला स्वतःचे मत नसते हे खरे. पण तो कोणत्या बाजूला उघडायचा हे ठरल्यावाचून तो उघडतच नाही. माझा विद्यार्थी ज्याला घाण म्हणतो ती हीच गोष्ट, आणि तीवाचून त्याचे आवडते यंत्र एक दिवस चालणार नाही. त्याच्या संगणकातही कुणीतरी आधी ठरवलेलेच आहे की नाव जुळले नाही तर संशय माणसावर घ्यायचा, कागदावर नाही. कुणी ठरवले? कदाचित कुणीच बसून ठरवले नसेल. सोयीचे होते म्हणून तसे झाले असेल. मला ते अधिक भीतीचे वाटते.

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे सव्वाचारनंतर इथे भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. घरे आमची पडली, आणि त्याच पहाटे वीज मुंबईची गेली, कारखाने थांबले. तारेच्या दोन टोकांना कोण कोण बांधलेले असते ते त्या दिवशी सर्वांना दिसले. एरवी ते दिसत नाही. मुलगा म्हणतो, सर, आमची सगळी माहिती ‘क्लाऊड’मध्ये असते. ढगात! ढगांचे काय, ते आम्हांला शिकवू नये. आम्ही त्यांच्यातच राहतो. पण त्याचा हा ढग ऐरोली-महाप्यासारख्या ठिकाणी मोठमोठ्या इमारतींत बसलेला असतो, अहोरात्र वीज खातो, आणि त्याला गार ठेवायला आणखी वीज लागते. राज्याच्या तारांच्या जाळ्यात सगळी वीज एक होते. कोणता दिवा कोयनेचा हे सांगता येत नाही. तरी संध्याकाळी मागणी चढली की हाक मारली जाते ती आमच्या पाण्याला. धरण आणि भूकंप यांचा संबंध काय, हे शोधायला शास्त्रज्ञांनी या भागात तीन किलोमीटर खोल भोक पाडले. खडकाला प्रश्न विचारायला माणूस इतका खाली उतरतो, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. आबांना प्रश्न विचारायला मात्र ओट्यापर्यंतच यायचे होते.

नोकरीबद्दलच्या त्याच्या मतावर मी फारसे बोलत नाही. ते मत काळच तपासतो आहे. देशातल्या सर्वांत मोठ्या संगणक कंपनीने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत न शिकणारे सगळे आणि शिकत राहणारे कुणीच नाहीत, असे थोडेच असेल? त्याच्या खोलीवरचा एक मित्र घरी बसला आहे. “तो हुशार होता, सर,” एवढेच तो म्हणाला, आणि ‘होता’ ऐकून मला चमकल्यासारखे झाले.

पण राजकारणाबद्दल बोलले पाहिजे. याच पाटण तालुक्यातली माणसे पिढ्यान् पिढ्या मुंबईला जाऊन पाठीवर-डोक्यावर ओझी वाहत आली. त्यांना ना हजेरीपट होता, ना रजा, ना म्हातारपणाची सोय. मालक कोण हेच ठाऊक नसे. त्यांना एकत्र केले ते अण्णासाहेब पाटलांनी, आणि तेही याच तालुक्यातले, मंद्रुळकोळ्याचे. १९६९ साली माथाडी कायदा झाला. फारसे न शिकलेल्या हमालांनी तो मिळवला. त्यांनी राजकारण घाण म्हणून सोडून दिले असते, तर कुणाला दोष देता आला असता? त्यांच्यापाशी वेळ नव्हता, पैसा नव्हता, इंग्रजी नव्हते. माझ्या विद्यार्थ्यापाशी यांतले निदान इंग्रजी आहे. पुण्यात संगणकवाल्यांच्याही संघटना निघाल्या आहेत. तो एकाही सभेला गेलेला नाही. “नाव दिसलं तर, सर...” एवढेच म्हणतो. ओझे डोक्यावर असो की डोक्यात, मालकाची भीती सारखीच असते असे दिसते.

हे सगळे मी त्याला त्या दिवशी ऐकवणार होतो. शब्द जुळवलेही होते, मास्तरकीची खोड. पण तेवढ्यात एक जुनी गोष्ट आठवली आणि मी गप्प झालो.

२०१८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोयनानगरात धरणग्रस्तांचे ठिय्या आंदोलन बसले होते. बाया, म्हातारे, लेकरे, सगळे बसून असत. आबाही रोज जात. मुलाची दहावीची परीक्षा तोंडावर होती. एका संध्याकाळी तो मला म्हणाला, “सर, आज आबांजवळ बसायला जाऊ का?” मी म्हणालो, “तुझं काम अभ्यास. राजकारण मोठ्यांना करू दे. तू शीक आणि बाहेर पड.” त्याने वही उघडली. त्या संध्याकाळी आम्ही वर्गसमीकरणे केली.

म्हणजे त्याचे हे तिसरे मत त्याने हिंजवडीतून आणलेले नाही. माझ्याच पडवीतून तो ते घेऊन गेला होता.

मी त्याला चुकीचे सांगितले का? अजूनही ठरवता येत नाही. परीक्षा बुडाली असती तर तो आज कुठे असता, आणि मग माझ्याकडे कोणत्या तोंडाने पाहिले असते? आपण मुलाला बाहेर पड म्हणतो तेव्हा त्याच्या पोटाचा विचार करतो, आणि तो बरोबरच असतो. पण त्याच वाक्यात आपण त्याला आणखी एक गोष्ट शिकवून जातो, की मागे राहिलेल्यांचे जे काही आहे ते त्यांचे त्यांनी बघावे. ती गोष्ट तो गणितापेक्षा पक्की शिकतो. कादंबरी लिहिताना मी पात्रांना शेवटी शहाणे करू शकतो. वर्गात तेवढी सोय नसते. तिथे मुले आपण सांगितलेले खरेच करतात.

तेव्हा मी उपदेश केला नाही. जे आठवले ते त्याला आबांच्या देखत सांगितले. तो हसला आणि म्हणाला, “सर, मला ते आठवतसुद्धा नाही.” मला मात्र बरे वाटले नाही.

गौरी-गणपती बोळवून तो पुण्याला गेला. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. त्याने आपल्या वरिष्ठांना विचारले होते की बाजूला पडलेले अर्ज निदान एकदा कुणा माणसाने पाहावेत, अशी सोय का करू नये? वरिष्ठ रागावले नाहीत. म्हणाले, खर्च वाढेल; पण लिहून दे, पुढे पाठवू. “सर, मला लिहायला जमत नाही. कोड लिहिता येतं, हे नाही येत.” मग दोन संध्याकाळ फोनवर बसून आम्ही ते मराठीत लिहिले आणि त्याने ते इंग्रजीत केले. दोन नावांच्या माणसाचे उदाहरण त्याने स्वतःहून घातले. कुठले ते लिहिले नाही.

त्या अर्जाचे उत्तर अजून आलेले नाही. आबांना मी हे सांगितले तेव्हा ते सुपारी कातरत होते. मान वर न करता त्यांनी विचारले, “पोच घेतलीया का त्यानं?”